आणखी तीनशे वीस मीटर

१

काटेवाल्याने आयुष्यात एकही वस्तू तपासल्याशिवाय घरात आणली नव्हती. छत्री घ्यायची तर दुकानदाराकडे बादलीभर पाणी मागायचा. खुर्ची घ्यायची तर तिच्यावर बसून अख्खं वर्तमानपत्र वाचून काढायचा. दुकानदार वैतागायचे. बायको म्हणायची, "मलाच कसं न तपासता घरात घेतलंत, देव जाणे." त्यावर तो गंभीर चेहरा करून सांगायचा, "तपासलं होतं. तुला कळलं नाही, एवढंच."

धंदाच तसा होता त्याचा. किराणा दुकानं, गिरण्या, औषधांची दुकानं, गोदामं, जिथे जिथे वजनकाटा असेल तिथे जायचं, काटा खरं बोलतो की नाही ते बघायचं, खोटं बोलत असेल तर दुरुस्त करायचा. सत्तावीस वर्षं तो हेच करत होता. लोक त्याला काटेवाला म्हणायचे आणि खरं नाव विचारलं तर त्यालाही क्षणभर आठवावं लागायचं.

यंदा तो नोकरीला होता त्या काट्यांच्या कारखान्याने त्याला डोंगरापलीकडचा नवा भाग दिला. तिथले रस्ते अनोळखी, पाट्या पुसलेल्या, आणि त्याच्याकडचा फोन बटणांचा. नकाशा वगैरे त्याला माहीतच नव्हता. पहिल्याच आठवड्यात दोनदा रस्ता चुकून तो भलत्याच गिरणीत जाऊन उभा राहिला, तेव्हा रस्ता दाखवणारं यंत्र घ्यायचं ठरलं. महागडं नको, खिशाला झेपेल असं.

दुकानदाराने काउंटरवर तीन यंत्रं मांडली. एक काळं, जाड काचेचं. एक करडं, पातळ. तिसरं आधी कोणीतरी वापरून परत केलेलं, कोपऱ्यावर ओरखडा असलेलं, पण नीट करून घेतलेलं.

"यातलं चांगलं कुठलं?" काटेवाल्याने विचारलं.

"सगळीच चांगली."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

दुकानदार त्याला ओळखून होता. त्याने हात जोडले. "असं करा, तिन्ही घेऊन जा. शनिवारपर्यंत वापरा. आवडेल ते ठेवा, बाकीची आणून द्या. पण माझं डोकं खाऊ नका."

रविवारी संध्याकाळी काटेवाला तिन्ही यंत्रं घेऊन स्वतःच्या घराच्या फाटकात उभा राहिला. पत्ता टाईप करून चालणार नव्हतं. पत्ते नकाशावर चुकीचे चढवलेले असतात, असं त्याने ऐकलं होतं. यंत्रात एक सोय होती: जिथे उभे आहात ती जागा 'घर' म्हणून साठवून ठेवायची. काटा तपासताना आपण ज्याचं वजन पक्कं माहीत आहे तेच आधी ठेवतो. आणि घराहून पक्कं माणसाला दुसरं काय माहीत असतं?

त्याची नऊ वर्षांची लेक, जिला घरात ठकी म्हणत, फाटकाच्या खांबावर चढून बसली होती. बटणं तिनेच दाबली.

"घर साठवलं," तिन्ही यंत्रं एकामागून एक म्हणाली. काळ्यात बाईचा आवाज होता, करड्यात पुरुषाचा, आणि ओरखडेवाल्याचा आवाज सर्दी झाल्यासारखा.

"बापरे!" बायको दारातून हसली. "स्वतःच्या घरी यायला तीन तीन वाटाडे!"

२

सोमवारी सकाळी आठला तो निघाला. बायको फाटकापर्यंत आली, ठकीने दप्तर सावरत हात हलवला. तिची शाळेची गाडी पलीकडच्या वळणावर दिसत होती.

दिवस छान गेला. तिन्ही यंत्रं गाडीच्या काचेखाली ओळीने बसवली होती आणि काटेवाला त्यांना परीक्षेला बसवल्यासारखा वहीत शेरे लिहीत होता. काळ्याची काच उन्हात काही केल्या दिसत नाही. करड्याला उपग्रह सापडायला फार वेळ लागतो. ओरखडेवालं चटकन बोलतं, पण त्याची बॅटरी दुपारीच निम्मी होते. डोंगरापलीकडची गिरणी मात्र तिघांनी बरोबर दाखवली. अगदी दारात नेऊन उभं केलं.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला तो शहरात शिरला. आता खरी परीक्षा होती. तपासायच्या काट्याचं ऐकायचं नसतं, त्याला फक्त बघायचं असतं. म्हणून त्याने 'घर' हे बटण दाबलं आणि गाडी आपल्या नेहमीच्या रस्त्याने, आपल्या मनाने चालवायला घेतली. यंत्रं काय म्हणतात ते कानाने ऐकत राहिला.

मोठ्या चौकात तिन्ही एकदम बोलली. "उजवीकडे वळा."

काटेवाला हसला. त्या चौकातून तो बारा वर्षं सरळ जात होता. "अरे, मला माझ्या घरचा रस्ता शिकवता का रे?" असं म्हणून तो सरळ गेला. पुढे शाळेची भिंत आली, लाकडाची वखार आली, आपली गल्ली आली, आपलं फाटक आलं. त्याने गाडी थांबवली.

"तीनशे वीस मीटर पुढे जा," काळं म्हणालं. करडंही तेच म्हणालं. सर्दीवाल्यानेही तोच आकडा सांगितला.

त्याने वहीत तिघांच्या पुढे एकेक फुली मारली. स्वस्तातली वस्तू ती, चालायचंच.

घरात बायको शिवणाच्या मशीनवर निळ्या पडद्याला दुमड घालत होती. ठकी जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती. त्याने हातपाय धुतले, चहा घेतला. चहा झाल्यावर त्याला वाटलं की काहीतरी राहिलं आहे. बऱ्याच वेळाने लक्षात आलं. ठकी रोज तो घरात पाऊल ठेवताच विचारायची, "बाबा, आज कोणाचा काटा खोटा निघाला?" आज तिने विचारलं नव्हतं. दमली असेल पोरगी.

३

मंगळवारी संध्याकाळी त्याच फाटकात, त्याच जागी गाडी उभी केली, तर यंत्रं म्हणाली, "नऊशे मीटर मागे वळा."

आता काटेवाल्याच्या कपाळाला आठी पडली. चूक करायची तर करा, पण रोज एकच करा. काटा दहा ग्रॅम जास्त दाखवत असेल तर तो रोज दहा ग्रॅमच जास्त दाखवतो, त्याला एक प्रकारची अब्रू असते. ही कसली चूक, जी रात्रीत तिप्पट होते?

तो गाडीतून उतरलाच नाही. तसाच मागे फिरला. कारखान्याच्या दारात गेला. यंत्रं म्हणाली, पोहोचलात. पेट्रोल पंपावर गेला. पोहोचलात. दवाखाना, टपाल कचेरी, त्याच्या नेहमीच्या न्हाव्याचं दुकान, सगळीकडे तिन्ही यंत्रं हातभराचाही फरक न करता बरोबर बोलली. सगळं शहर जागच्या जागी होतं. हललं होतं ते फक्त त्याचं घर.

बरं, तीन यंत्रं तीन वेगळ्या कारखान्यांची. एक नवं, एक जुनं. बिघडायचं तर तिन्ही एकाच दिवशी, एकाच आकड्याने कशी बिघडतील?

न्हाव्याच्या दुकानासमोर गाडीत बसल्या बसल्या त्याला त्याचे उस्ताद आठवले. उमेदवारीच्या पहिल्या वर्षी त्याच्या हातून एकदा तीन काटे लागोपाठ खोटे निघाले होते आणि तो दुकानदारावर तावातावाने ओरडत होता. उस्तादांनी त्याला बाजूला घेतलं. म्हणाले, "एक काटा चुकला तर काटा बघ. तीन काटे एकाच बाजूला, एकाच मापाने चुकत असतील, तर काट्यांना शिव्या घालू नकोस. तुझ्या हातातलं वजन बघ. ते खोटं आहे." आणि खरंच, त्याच्या पेटीतलं पितळी वजन कोणीतरी बदललं होतं. दिसायला अगदी तसंच होतं. शिक्कासुद्धा तसाच.

ही आठवण नेमकी आताच का आली, म्हणून काटेवाल्याला स्वतःचाच राग आला. या वेळी त्याने वजन म्हणून स्वतःचं घर ठेवलं होतं.

४

बुधवारी आकडा अडीच किलोमीटरवर गेला.

त्याने यंत्रं गाडीतच बंद करून ठेवली आणि घरात शिरताना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं घर नीट पाहिलं. जोडे ठेवायचा लाकडी कप्पा, त्याची उजवी फळी खाली झुकलेली. बरोबर. खिडकीची कडी दोनदा ओढावी लागते. बरोबर. मोरीच्या नळातून पाणी यायच्या आधी घुसमटल्यासारखा आवाज येतो. तोही आला. तो एकेक वस्तू बघत, हात लावत हिंडला. एकही गोष्ट चुकलेली नव्हती. त्याला हायसं वाटायला हवं होतं. पण ज्या दुकानात सगळंच जिथल्या तिथे असतं तिथे आपण येणार हे कोणाला तरी आधीच कळलेलं असतं, हे त्याला सत्तावीस वर्षांत कळून चुकलं होतं.

बायको मशीनवर होती. निळा पडदा.

"अजून तोच पडदा?" त्याने विचारलं.

"मोठा आहे."

"ठकी शाळेत गेली नव्हती आज?"

"सुट्टी आहे ना."

"काल पण सुट्टीच होती."

"हो. सुट्टीच आहे."

ठकीने चित्रातून मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि ती हसली. लेकीचं हसू पाहून बापाने घाबरावं, असं त्या हसण्यात काहीच नव्हतं. तरी तो घाबरला, आणि घाबरल्याची त्याला इतकी लाज वाटली की त्याने पुढे होऊन तिच्या केसांवरून हात फिरवला. केस तिचेच होते. गरम, थोडे चिकट, तेलाचा वास असलेले.

"आपण या घरात राहायला आलो, तो दिवस आठवतो तुला?" त्याने बायकोला सहज विचारल्यासारखं विचारलं.

"न आठवायला काय झालं? कपाट जिन्यात अडकलं होतं. तुम्ही दाराची चौकट काढायला निघाला होतात. मग शेजारच्या मास्तरांनी सांगितलं, आधी कपाटाचे पाय काढा."

शब्दन् शब्द खरा होता. मग त्याला आणखी एक सुचलं.

"जरा फाटकापर्यंत ये ना. गाडीचा मागचा दिवा लागतो का बघ, मी ब्रेक दाबतो."

मशीनचं चाक थांबलं. "उद्या बघू," बायको म्हणाली.

"एक मिनिटाचं काम आहे गं."

"उद्या," ती म्हणाली, आणि चाक पुन्हा फिरू लागलं. सोमवार संध्याकाळपासून या दोघींपैकी कोणीही घराचा उंबरा ओलांडलेला त्याने पाहिलेला नाही, हे त्याला त्या क्षणी कळलं.

५

गुरुवारी त्याने कामाला दांडी मारली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. सकाळी गाडीत बसला, 'घर' दाबलं. सात किलोमीटर. घराच्या फाटकात उभा राहून तो घरापासून सात किलोमीटर लांब होता.

आजपर्यंत यंत्रांचं ऐकायचं नाही म्हणून तो हट्टाने आपल्याच रस्त्याने येत होता. आज त्याने ठरवलं, ती म्हणतील तसं जायचं. त्याच्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती त्याने रिकाम्या गाडीत स्वतःला मोठ्याने ऐकवली. "त्या दोघी तिकडे असतील तर मला तिकडे जायचंय."

यंत्रांनी त्याला चौकातून वळवलं, जुन्या बाजारामागून नेलं, मग शहराबाहेर काढलं. कच्चा रस्ता लागला. दोन्ही बाजूंना पांढरी धूळ बसलेली झुडपं. मग तारेचं उंच कुंपण आलं आणि रस्ता संपला. यंत्रांवरचा बाण मात्र संपला नाही. तो कुंपणाच्या पलीकडे बोट दाखवत राहिला. चारशे मीटर.

कुंपणाच्या फाटकाशी एका पत्र्याच्या खोलीत राखणदार बसला होता.

"आत काय आहे?" काटेवाल्याने विचारलं.

"काही नाही. दगडाची खाण होती. बुजवली."

"घरं आहेत का आत?"

राखणदाराने त्याच्याकडे नीट पाहिलं. "खाणीत कोण घर बांधेल, साहेब? पाय ठेवला तर आत जाईल. भर अजून बसली नाही."

काटेवाला कुंपणाच्या कडेकडेने चालत गेला. ऊन डोक्यावर आलं होतं. पलीकडे नुसता पांढरा माळ, पाण्यासारखा हलणारा. आधी त्याला आवाज आला. शिवणाचं मशीन. चालायचं, थांबायचं, चालायचं. ते चालवणारीचं कामात लक्ष नाही हे ऐकणाऱ्याला कळावं, असं. त्याची बायको काळजीत असली की अशीच शिवते.

मग दिसलं. माळाच्या मध्ये, धुळीत अर्धवट, त्याच्या घराचं फाटक. त्याच्यामागे पायरी. पायरीवर ठकी बसली होती, शाळेच्या कपड्यांत, गुडघ्यांवर हनुवटी टेकून. ती रस्त्याकडे बघत होती. पण तिचा रस्ता त्या बाजूला होता जिथे काटेवाला नव्हता.

"ठके!" तो ओरडला.

तिने मान वळवली. इकडे तिकडे पाहिलं. त्याच्या अंगावरून तिची नजर गेली आणि थांबली नाही.

त्याने कुंपणाची तार धरली. एक पाय वर चढवला. आणि तिथेच त्याचं घोडं अडलं. पायाखाली न बसलेली भर होती. समोर जे होतं ते उन्हात थरथरत होतं. तो भित्रा नव्हता. पण त्या वेळी तो भ्याला, हे खरं आहे. मागून राखणदार ओरडत धावत आला, त्याने याला कमरेला धरून खाली ओढलं, आणि दोघांनी वर पाहिलं तेव्हा माळावर ऊन होतं आणि बाकी काही नव्हतं.

"ऊन लागलंय तुम्हाला," राखणदार त्याला पाणी देत म्हणाला. "घरी जा, साहेब. घरी जाऊन पडा."

६

तो घरी गेला. जायला दुसरी जागा नव्हती. तिथे त्याच्या डोक्यावर ओला रुमाल ठेवला गेला, त्याला पातळ भात भरवला गेला. बायकोचा हात कपाळावर आला तेव्हा त्याला रडू फुटलं. तो हात खरा होता की नव्हता, हे त्याला त्या वेळी बघायचं नव्हतं. त्याला फक्त तो हात हवा होता.

शुक्रवारी सकाळी मात्र डोकं थंड झालं. शंका घेत झुरण्यापेक्षा मोजलेलं बरं, हा त्याचा स्वभाव. घरात त्याचा उभं राहायचा मोठा काटा होता. ठकीला त्यावर चढायला आवडायचं. त्याने आधी पेटी उघडली, हाताचा घाम लागू नये म्हणून मऊ कापडाने पितळी वजनं उचलली आणि काटा तपासला. ग्रॅमभराचाही फरक नव्हता.

"ठके, चढ बघू."

सत्तावीस किलो चारशे.

"आता हे पाणी पी." त्याने तिला अर्ध्या लिटरचा तांब्या दिला. तिने तो उभ्या उभ्या रिकामा केला. एक थेंब सांडला नाही, तो बघत होता.

"चढ."

सत्तावीस किलो चारशे.

काटेवाला आकड्याकडे बघत राहिला. जगात सगळं होऊ शकतं, पण अर्धा लिटर पाणी पोटात गेल्यावर माणूस अर्ध्या किलोने जड होतोच. त्यात दया नाही, माया नाही, अपवाद नाही. तो काट्याकडेच बघत होता, कारण त्याला लेकीच्या चेहऱ्याकडे बघवेना.

"काय झालं, बाबा?" ठकीने विचारलं.

"तू पाणी प्यायलीस ना गं?"

"हो. प्यायले."

"मग वजन वाढलं कसं नाही?"

आतल्या खोलीतलं मशीन थांबलं.

"पुन्हा बघ," आतून बायको म्हणाली. मग थोडं थांबून, "पुन्हा बघा ना."

ठकी उतरली. पुन्हा चढली. सत्तावीस किलो नऊशे.

त्याने तिला आणखी तीनदा चढवलं. प्रत्येक वेळी सत्तावीस किलो नऊशे. अगदी बरोबर. काटा स्थिर, आकडा स्थिर. दुसऱ्या कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, अहो, पहिल्यांदा तुमचीच वाचायची चूक झाली. काल ऊन लागलं होतं तुम्हाला. आणि काटेवाल्याने स्वतःला नेमकं हेच सांगितलं. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्याला ते जवळजवळ पटलं, कारण न पटवून घेतलं तर पुढे काय करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं.

"ती यंत्रं आल्यापासून तुमचं चित्त ठिकाणावर नाही," बायको दारात येऊन म्हणाली. तिच्या हातात निळा पडदा होता. "उद्या परत देऊन टाका. आम्ही इथे आहोत ना? तुमच्या डोळ्यांसमोर आहोत. मग त्या डबड्यांना कशाला विचारायचं आम्ही कुठे आहोत ते?"

त्याने पितळी वजनं एकेक करून पेटीत परत ठेवली.

७

शनिवारी सकाळी त्याने निघण्याआधी एकदाच 'घर' दाबून पाहिलं. एकोणसाठ किलोमीटर. त्याने चटकन बंद केलं.

दुकानदाराने तिन्ही यंत्रं हातात घेतली. "मग? कुठलं ठेवणार?"

"एकही नाही."

"तपासलीत ना नीट?"

"तपासली."

"आणि?"

खरं सांगायचं तर ती तिन्ही उत्तम होती. इतकी खरी यंत्रं त्याने हाताळली नव्हती. पण तसं म्हटलं असतं तर पुढचंही सगळं मानावं लागलं असतं.

"खोटी आहेत," तो म्हणाला.

दुकानदाराने खांदे उडवले, एकेक यंत्र चालू केलं आणि त्यातलं सगळं पुसून टाकलं. दुसऱ्या गिऱ्हाइकाला द्यायची तर कोरी हवीत. 'घर काढून टाकलं,' तिन्ही एकामागून एक म्हणाली. काटेवाल्याला हलकं वाटलं. संपला एकदाचा डोक्याचा ताप.

तो आपल्या नेहमीच्या रस्त्याने, कोणाचंही न ऐकता घरी आला. दुपारचे बारा वाजले होते. खिडकीतून ऊन येऊन फरशीवर पडलं होतं, बायको मशीनवर, ठकी जमिनीवर. तो आपल्या खुर्चीत बसला. पाय लांब केले. किती दिवसांनी त्याने असा मोकळा श्वास घेतला होता.

खिशातला फोन वाजला.

बायकोचा नंबर होता. त्याने समोर पाहिलं. बायकोचे दोन्ही हात पडद्यावर होते.

त्याने फोन कानाला लावला.

"अहो!" पलीकडून बायकोने हंबरडाच फोडला. "लागला हो एकदाचा! कुठे आहात तुम्ही? सोमवारी सकाळी गेलात ते गेलातच. सहा दिवस फोन लावतेय. पोलिसांत जाऊन आले, कारखान्यात जाऊन आले, ते म्हणतात बुधवारपर्यंत तर कामावर येत होते. अहो, ठकी तापाने फणफणलीय, सारखी तुमचं नाव घेतेय. कुठे आहात?"

आवाज लांबून येत होता, वाऱ्यात सापडल्यासारखा तुटत तुटत.

"मी..." तो खुर्चीतून उठला. "मी येतो. मला पत्ता सांग."

"कसला पत्ता?"

"घराचा. आपल्या घराचा पत्ता सांग गं, पटकन."

ती रडत रडत सांगू लागली. गल्लीचं नाव, घराचा नंबर, वखारीपासून तिसरं फाटक. त्याने ऐकून घेतलं. ते तिसरं फाटक खिडकीतून त्याला समोरच दिसत होतं. यापलीकडचा ठावठिकाणा जगात तीनच यंत्रांना माहीत होता, आणि तो त्याने तासाभरापूर्वी उभा राहून पुसून घेतला होता.

"कोणाचा फोन आहे?" मशीनवरून बायकोने विचारलं.

फोनमधलं रडणं थांबलं.

"कोण आहे तिथे?" फोनमधली बायको हळू आवाजात म्हणाली. भीतीने तिचा आवाज पार बारीक झाला होता. "अहो, तो... तो आवाज कोणाचा आहे?"

मग फक्त खरखर आली. मग तीही गेली.

त्याने पुन्हा नंबर फिरवला. मशीनशेजारी ठेवलेला फोन वाजू लागला. त्याच्याकडे दोघींपैकी कोणीही बघितलं नाही. ठकी जमिनीवरून उठली, हातातला खडू नीट डबीत ठेवला, दारापाशी गेली आणि दोन्ही हातांनी कडी लावली.

"ठेवा तो आता," बायको म्हणाली. तिने निळा पडदा घडी करून मांडीवर घेतला. "सगळे घरातच आहेत. आता कोणाला लावायचाय फोन?"